फुलं ढीगभर, फळ एक नाही: कुंडीतल्या भाज्यांची फुलगळ

टोमॅटोचं झाड छातीएवढं झालंय, पानं हिरवीगार, पिवळ्या फुलांचे घोस लटकतायत आणि रोज सकाळी कुंडीतल्या मातीवर फुलांचा सडा. मिरचीचं तेच, वांग्याचं तेच, काकडी तर बोटाएवढी होते आणि पिवळी पडून गळते. मग कोणी सांगतं टॉनिक मारा, कोणी म्हणतं एप्सम सॉल्ट टाका, कोणी म्हणतं केळीच्या सालीचं पाणी घाला, आणि माणूस एकाच आठवड्यात हे सगळं करून मोकळा होतो, त्यातून एखादं फळ धरलंच तर सगळ्यात शेवटी जे टाकलं त्याला श्रेय, आणि पुढच्या सीझनला पुन्हा पहिल्यापासून तेच रडगाणं.

फुलगळीवर एक औषध नाही, कारण गळायची कारणं चार-पाच आहेत आणि त्यातली दोन तर एकमेकांच्या उलटी आहेत. म्हणून कुठलीही बाटली उघडायच्या आधी खाली पडलेली फुलं उचला, तळहातावर घ्या आणि नीट बघा.

टोमॅटोच्या फुलाच्या देठावर मध्येच एक गाठ असते, बोटाच्या पेरासारखी. झाडाने फूल नाकारायचं ठरवलं की देठ आधी तिथे पिवळा पडतो आणि फूल बरोबर त्या गाठीवरून तुटतं. म्हणजे फूल वरून अजून टवटवीत दिसत असलं तरी गाठ पिवळी झाली की ते गेलं समजा. मिरचीचं फूल देठासकट खोडाजवळून सुटतं. आता पडलेलं फूल पूर्ण उमललेलं आहे, पाकळ्या मागे वळल्यात पण मधला हिरवा मणी फुगलेलाच नाही, तर परागीभवन झालं नाही, उष्णतेने किंवा परागकण न सुटल्याने. पडलेली कळी बंदच आहे, उमललीच नाही, तर पाणी, ऊन किंवा थ्रिप्स (रस शोषणारे बारीक फुलकिडे) यांच्याकडे बघायचं. आणि वाटाण्याएवढं फळ धरून मग गळत असेल तर पाण्याची ओढाताण किंवा झाडावर आधीच जास्त भार. हां, आणि खाली फक्त वाळलेल्या पाकळ्यांचा गोल पडलाय, देठ वर झाडावरच आहे आणि त्याच्या टोकाला हिरवा मणी दिसतोय, तर ती फुलगळ नाहीच, फळ धरलंय. बरेच जण हेच बघून घाबरतात आणि नको ते फवारून बसतात.

उष्णता

टोमॅटो, मिरची, ढोबळी या तिघांच्या फुलगळीत सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं, आणि सगळ्यात कमी वेळा हेच ओळखलं जातं. टोमॅटोला दिवसाचं तापमान सलग ३२-३३ अंशांच्या वर राहायला लागलं की फळधारणा घसरते, ३५ च्या वर गेलं की बहुतेक फुलं जातात. पण दिवसापेक्षा रात्र जास्त महत्त्वाची. रात्री पारा २४ च्या खाली येत नसेल तर परागकण नीट तयारच होत नाहीत, आणि उलट टोकाला रात्री १३ च्या खाली जात असेल तरी तोच प्रकार. ढोबळी मिरची या बाबतीत फारच नाजूक, बारीक तिखट मिरची त्यामानाने चिवट, आणि टोमॅटोतही मोठ्या फळांच्या जातींपेक्षा चेरी टोमॅटो उष्णता बरी सहन करतात.

आता मेख इथे आहे: परागकण फूल उमलल्यावर बिघडत नाहीत, कळी लहान असतानाच, म्हणजे उमलायच्या साधारण आठ-दहा दिवस आधी बिघडतात. आज गळणारं फूल हे गेल्या आठवड्यातल्या उन्हाचा हिशोब आहे. आणि आज तुम्ही शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, लावलं तर त्याचा फायदा आज उघडी असलेल्या फुलांना शून्य, तो पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात उमलणाऱ्या फुलांना होणार. लोक तीन दिवस नेट लावतात, फुलं गळतायतच म्हणून काढतात, दुसरं काहीतरी मारतात, आणि मग कशाने काय झालं हे कधीच कळत नाही. त्यामुळे एका वेळी एकच बदल करायचा आणि किमान दहा दिवस गप्प बसायचं. हे खूप अवघड जातं, मान्य आहे.

बाल्कनीत आणखी एक भानगड असते. हवामानाच्या ॲपवर रात्रीचं २३ दिसतं पण बाल्कनीची भिंत आणि फरशी दिवसभर तापलेली असते, ती रात्रभर उष्णता सोडत राहते, त्यात जवळ एसीचं बाहेरचं युनिट असेल तर विचारूच नका, त्याची गरम हवा थेट झाडावर. एक साधा थर्मामीटर फुलांच्या उंचीवर रात्रभर लटकवून ठेवा आणि पहाटे बघा, ॲपपेक्षा बराच फरक निघू शकतो. उपाय म्हणजे कुंड्या भिंतीपासून हातभर पुढे आणा, फरशीवर थेट न ठेवता विटांवर किंवा स्टँडवर ठेवा, काळ्या कुंड्या आणि काळ्या ग्रो बॅग पांढऱ्या कापडाने किंवा गोणपाटाने गुंडाळा, आणि दुपारी बारा ते चार सावली द्या. शेडनेट ३५ टक्के ऊन अडवणारं पुरे, फार तर ५०. लोक ७५ टक्क्यांचं दाट नेट आणतात आणि ते कायमचं बांधून टाकतात, मग उष्णता कमी होते पण ऊनच मिळत नाही म्हणून फुलं गळतात, आगीतून फुफाट्यात.

आणि खरं सांगायचं तर टोमॅटोच्या बाबतीत सगळ्यात मोठा उपाय कॅलेंडरवर आहे. रोप लावल्यापासून फुलं यायला महिना-दीड महिना लागतो, तर तुमच्या भागात ज्या महिन्यांत रात्री गार आणि दिवस सौम्य असतात ते महिने फुलांसाठी धरा आणि तिथून मागे मोजून रोप लावा. भर उन्हाळ्यात टोमॅटोशी झगडण्यापेक्षा त्या कुंडीत भेंडी लावलेली केव्हाही बरी, तिला उष्णता आवडते.

परागकण सुटतायत का ते बघा

टोमॅटो, मिरची, वांगं यांच्या प्रत्येक फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे मधमाशी आलीच पाहिजे असं नाही, पण फूल हललं पाहिजे. टोमॅटोचे पुंकेसर एकमेकांना चिकटून एक पिवळी नळी झालेली असते आणि परागकण त्या नळीच्या आत, हादरा बसला की टोकातून भुकटीसारखे बाहेर येतात. मोकळ्यावर हे काम वारा करतो आणि काळा मोठा भुंगा करतो, तो फुलाला लटकून जोरात गुणगुणतो ना, ते उगाच नसतं. नेहमीच्या मधमाशीला हा प्रकार जमत नाही. काचबंद बाल्कनीत, किंवा चारी बाजूंनी जाळी लावलेल्या ठिकाणी ना वारा ना भुंगा.

एक छोटी टेस्ट करा, मला फार आवडते ती. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, दव किंवा ओल वाळून फूल कोरडं झालं की मोबाईलची बंद काळी स्क्रीन फुलाच्या खाली धरा आणि देठावर नखाने टिचकी मारा. स्क्रीनवर बारीक पिवळसर धूळ पडली तर परागकण ठीक आहेत, फक्त हलवणारं कोणी नाही. मग रोज किंवा दिवसाआड त्याच वेळेला घोसाच्या देठाला टिचक्या मारा, नाहीतर जुना इलेक्ट्रिक टूथब्रश फुलाच्या मागे देठाला दोन-तीन सेकंद टेकवा, फुलाच्या तोंडाला नाही. धूळ पडलीच नाही, आणि दोन-तीन दिवस वेगवेगळ्या फुलांवर करूनही पडत नाही, तर परागकण ओलसर हवेने चिकटून बसलेत किंवा उष्णतेने बनलेच नाहीत. अशा वेळी कितीही टिचक्या मारा, उपयोग नाही, वरच्या मुद्द्याकडे परत जा.

वांग्याचं थोडं निराळं. वांग्याचं फूल हातात धरून समोरून बघा, पिवळ्या पुंकेसरांच्या मधून एक हिरवट दांडी बाहेर डोकावते. ती पुंकेसरांच्या बाहेर आलेली असेल किंवा निदान त्यांच्या टोकापर्यंत पोचलेली असेल तर त्या फुलाला वांगं धरू शकतं. दांडी आखूड, आत लपलेली असेल तर ते फूल गळणारच, झाडाची रचनाच तशी आहे, एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुलं येतात. तेव्हा वांग्याची आखूड दांडीची फुलं पडली म्हणून जीव जाळू नका. पण बहुतेक सगळीच तशी यायला लागली तर झाड उपाशी आहे किंवा दमलंय, खत आणि पाणी बघा, म्हातारं झाड असेल तर छाटा.

वेली: काकडी, दुधी, दोडका, कारलं, भोपळा

इथे सगळा हिशोबच वेगळा, कारण नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागे फुललेल्या पाकळ्यांच्या खाली पिटुकली काकडी किंवा पिटुकला दुधी आधीपासून असतो, नर फुलाच्या मागे नुसता बारीक देठ. वेल सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे फक्त नर फुलं काढते आणि ती सगळी गळतात, गळायलाच हवीत. या काळात "फुलगळ" म्हणून काही करायची गरज नाही, बसून राहा. दिवस मोठे आणि गरम असले की नर फुलं जास्त, दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की मादी फुलं वाढतात, आणि नत्र जास्त झालं की पुन्हा नरच नर.

मादी फूल आलं, दोन-चार दिवसांत ते पिटुकलं फळ टोकाकडून पिवळं पडून सुकलं, तर बहुतेक वेळा परागीभवनच झालेलं नाही. उंच मजल्यावर मधमाशा कमी येतात, जाळी असेल तर येतच नाहीत. मग हाताने करायचं. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे सोला, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा, मादीच्या आतले सगळे उंचवटे पिवळे दिसले पाहिजेत. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. अर्धवट लागलं की काकडी एका बाजूने फुगते आणि वाकडी होते, म्हणजे वाकडी काकडी दिसली तर तेही परागीभवन कमी पडल्याचं लक्षण असू शकतं.

पण वेळ! इथे सगळे चुकतात. काकडी, कारलं, लाल भोपळा, घोसाळं यांची फुलं सकाळची, भोपळ्याचं तर पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं, त्यामुळे सकाळी लवकर. दुधी आणि दोडका मात्र संध्याकाळी उमलतात. दुधीचं पांढरं फूल दिवेलागणीला ताजं असतं, त्याच्यावर येणारे कीटकही रात्रीचे, पतंग वगैरे. व्हिडिओ बघून सकाळी नऊला ब्रश घेऊन दुधीच्या कोमेजलेल्या फुलावर फिरवणारे पुष्कळ आहेत आणि मग म्हणतात हाताने केलं तरी फळ धरत नाही. संध्याकाळी करा, त्याच आठवड्यात फरक दिसेल.

एक अपवाद, काही काकडीच्या संकरित जातींना परागीभवन लागतच नाही, बिनबियांची काकडी येते, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. ते वाचा.

फळ पिवळं पडून सडतंय आणि त्यावर बारीक टोचल्याची खूण किंवा चिकाचा थेंब दिसतोय तर ब्लेडने चिरून बघा. आत पांढऱ्या अळ्या वळवळल्या तर ती फळमाशी, तिथे ब्रश-बिश काही कामाचं नाही. सडकी फळं बंद पिशवीत घालून टाकून द्या, कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये नको, आणि फळ धरल्याबरोबर त्याला कागदाची किंवा पातळ कापडाची पिशवी बांधा.

थ्रीजी कटिंगबद्दल (वेलीचा शेंडा खुडायचा, मग फुटलेल्या फांद्यांचेही शेंडे खुडून तिसऱ्या पिढीच्या फांद्या आणायच्या) विचाराल तर, दुधीला चालतं, कारण तिच्या बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात आणि शेंडा खुडला की त्या फांद्या फुटतात. पण दहा लिटरच्या कुंडीत, तीन तास उन्हात, उपाशी वेलीला थ्रीजी काय नि फोरजी काय.

झाड फारच खूश आहे

पानं गडद हिरवी, मोठी, खोड जाडजूड, शेंडा जोरात धावतोय आणि फुलं एकतर नाहीत किंवा येऊन गळतायत. हे नत्र जास्त झाल्याचं. नवीन मिश्रणात निम्मं शेणखत-गांडूळखत घातलेलं असतं, वर दर आठवड्याला कसलं तरी द्रावण, मग झाड पानंच काढणार, त्याला फळाची घाई कशाला असेल. सगळं खत तीन आठवडे पूर्ण बंद करा. त्यानंतर द्यायचंच असेल तर पालाश असलेलं, ०:०:५० हे विद्राव्य खत लिटरला एक-दोन ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. लाकडाची राख चालते पण चिमूट-दोन चिमूट, मूठभर टाकत राहिलात तर माती क्षारीय होते आणि नवीनच दुखणं लागतं. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम आणि गंधक असतं, जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल तर त्याचा उपयोग, फुलगळीशी त्याचा थेट काही संबंध नाही. केळीच्या सालीच्या पाण्याने चिलटं मात्र नक्की येतात.

ऊन. फळभाज्यांना सहा तास थेट ऊन पाहिजे, आणि "आमच्याकडे दिवसभर लख्ख उजेड असतो" हे ऊन नव्हे. एका सुट्टीच्या दिवशी तासातासाला बघून लिहून ठेवा की झाडावर नेमकं कधी ते कधी ऊन असतं. चार तासांच्या आत आलं तर तिथे पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना लावा आणि सुखी व्हा. टोमॅटो तिथे फुलं काढेल, गाळेल आणि तुमचं डोकं खाईल.

कुंडी आणि पाणी

आठ इंची कुंडीत चार-पाच लिटर माती मावते. त्यात मोठं टोमॅटोचं झाड म्हणजे सकाळी पाणी, दुपारी माती कोरडी ठाक, पानं माना टाकून बसलेली, संध्याकाळी पुन्हा पाणी. रोजच्या या ओढाताणीत कळ्या गळणारच, आणि जी फळं धरतील त्यांची बुडं काळी पडतील कारण कॅल्शियम मातीत असलं तरी पाण्याबरोबर वर पोचतच नाही. टोमॅटोला किमान १५-२० लिटर (म्हणजे १२ इंची किंवा मोठी), मिरचीला आठ-दहा लिटर, वांग्याला टोमॅटोएवढीच, वेलीला ४० लिटरची ग्रो बॅग आणि तीत एकच वेल, तीन नाहीत. रोपं उपटून फेकायला जीव होत नाही हे कळतं, पण एका कुंडीतल्या तीन उपाशी वेलींपेक्षा एक पोट भरलेली वेल जास्त देते.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी द्या, ओलं लागलं तर नको, घड्याळ बघून देऊ नका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेलं मिश्रण एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही, पाणी घातल्या घातल्या कडेकडेने उतरून खालच्या भोकातून बाहेर, आणि आपल्याला वाटतं भरपूर झालं. कुंडी उचलून बघा, हलकी लागेल. अशा वेळी थोडं थोडं पाणी दहा मिनिटांच्या अंतराने तीनदा घाला, किंवा कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. वर वाळक्या पानांचा दोन इंच थर दिला की निम्मा त्रास कमी. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, मुळं गुदमरली तरी फुलं गळतात.

थ्रिप्स

मिरचीच्या कळ्या गळत असतील आणि पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळत असतील तर पांढऱ्या कागदावर फूल झटका. टाचणीच्या टोकाएवढे लांबट पिवळसर-तपकिरी कण चालायला लागले की ओळख पटली. पानं खालच्या बाजूला वळत असतील तर कोळी (माइट ही बारीक कीड, जाळं विणणारा कोळी नव्हे). थ्रिप्ससाठी निळे चिकट कार्ड, पिवळे पांढऱ्या माशीला जास्त चालतात. नीम तेल लिटरला तीन ते पाच मिली, थोडा लिक्विड सोप घालून, पानांच्या खालून, ऊन उतरल्यावर. उमललेल्या फुलांवर मारू नका, आणि सकाळी मधमाशा फिरत असताना तर अजिबात नाही. ज्यांच्याकडे दुधी-दोडका शेजारीच आहे त्यांनी त्यांची फुलं उमलायच्या आत आटपायचं.

फुलं टिकवायचं हार्मोन मिळतं, ते सगळ्यात शेवटी. त्याचा डोस थेंबांत असतो आणि जास्त झाला तर उलट गळ वाढते, छोट्या बाल्कनीत चार झाडांसाठी अंदाजाने मारायची ती वस्तू नाही.

आणि वरचं सगळं बरोबर असूनही काही फुलं गळणारच. मिरचीची निम्मी फुलं गेली तरी झाड भरपूर मिरच्या देतं, तेवढ्यावर धावाधाव नको. पहिली दहा-बारा फळं छान धरली आणि मग अचानक नवीन फुलं गळायला लागली, तर झाड आजारी नाही, त्याचे हात भरलेत. धरलेल्या मिरच्या, काकड्या, वांगी कोवळी असतानाच तोडत जा, काकडी तर वाढण्याच्या दिवसांत दिवसाआड बघायला लागते, एखादी पानाआड लपून जून पिवळी झाली की वेल पुढची फुलं धरायचं जवळजवळ थांबवते. ती आधी शोधून काढा.